शँपेन-अर्बानातलं पहिलं वर्ष: डॉर्म, बस आणि बाकीचं सगळं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मे महिना लागला की सांगली, पुणे, नाशिककडून मेसेज सुरू होतात, ताई डॉर्म (वसतिगृह) कुठला घेऊ, ताई बसचा पास किती, आणि निम्मे प्रश्न आयांचे असतात. मी स्वतः अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बारावीनंतर थेट अंडरग्रॅडला आले, पहिलं वर्ष डॉर्ममधे काढलं आणि आता शेवटच्या वर्षाला आहे. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच नीट लिहून काढतेय. हे सगळं पहिल्या वर्षाच्या अंडरग्रॅड मुलामुलींसाठी आहे, मास्टर्सवाल्यांचं राहण्याचं गणित पूर्ण वेगळं असतं.

१. गाव नक्की कुठलं, शँपेन की अर्बाना? आणि शिकागो जवळ आहे ना?

गावं दोन आहेत, एकमेकांना चिकटलेली. मधून राइट स्ट्रीट जातो, पश्चिमेला शँपेन, पूर्वेला अर्बाना, आणि विद्यापीठ दोन्हीकडे पसरलंय. २०२० च्या जनगणनेत शँपेनची लोकसंख्या साधारण ८८ हजार आणि अर्बानाची ३८ हजार होती. म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढंच, पण विद्यार्थीच पन्नास हजारांच्या वर असल्यामुळे सुट्टीत गाव ओस पडतं. शिकागो जवळ नाही, सव्वादोनशे किलोमीटर लांब आहे. गावाबाहेर पडलं की नजर जाईल तिथपर्यंत मका आणि सोयाबीन. कॅम्पसच्या अगदी मधोमध सुद्धा मक्याचं शेत आहे, मॉरो प्लॉट्स, १८७६ पासूनचं प्रयोगाचं शेत, आणि त्याच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारची लायब्ररी जमिनीखाली बांधली. मला ही गोष्ट फार आवडते. रवींद्रनाथ टागोर १९१२ साली अर्बानात येऊन राहिले होते, त्यांचा मुलगा इथंच शेती शिकला, त्यामुळे आपण काही इथं पहिले नाही.

२. पहिल्या वर्षी डॉर्ममधेच राहावं लागतं का? चुलतभाऊ अपार्टमेंटमधे राहतो, त्याच्याकडे राहिलं तर?

नाही चालत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या हाउसिंगमधे किंवा विद्यापीठाने मान्यता दिलेल्या खासगी हॉलमधे (हॉल म्हणजे डॉर्मचीच इमारत) राहावं लागतं. वयाची २१ वर्षं पूर्ण असतील किंवा ३० क्रेडिट आधीच झाले असतील तर नियम वेगळा, पण थेट बारावीनंतर येणाऱ्यांना तो लागू होत नाही. अगदीच काही खास कारण असेल तर हाउसिंग ऑफिसला आधी ईमेल करून लेखी परवानगी घ्या.

३. हॉल कुठला निवडू? आयएसआर, पार, फार, आयकेनबेरी, काहीच कळत नाहीये.

आधी तुमचं डिपार्टमेंट कुठं आहे ते नकाशात बघा. इंजिनिअरिंगचं बहुतेक सगळं उत्तरेला आहे, म्हणून तिकडची मुलं आयएसआर मागतात, ग्रेंजर लायब्ररीला चालत दहा मिनिटं. आयकेनबेरी दक्षिणेला शँपेनच्या बाजूला, बिझनेसवाल्यांना आणि जिमला जवळ. पार आणि फार अर्बानात, दक्षिणेच्या टोकाला. फार खरंच फार लांब आहे, उत्तरेच्या वर्गापर्यंत चालत पंचवीस मिनिटं धरा, पण बस दारातून मिळते. ॲलन हॉल आणि एलएआर त्यांच्या मधे कुठेतरी.

एसीचं विचारून घ्या. नजंट, बाउसफील्ड, वसाजा हे नवे हॉल आहेत, २०१० पासूनचे, तिथं एसी आहे, पण काही जुन्या हॉलमधे नाही आणि ऑगस्टमधे इथं चिकचिक उकडतं. सप्टेंबर संपला की मात्र त्याची आठवण पण येत नाही, तेव्हा फक्त एसीसाठी लांबचा हॉल घेऊ नका. (नजंट हे नाव टिमोथी नजंट यांचं, ज्यांनी १९४९ पासून व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यांसाठी इथला कॅम्पस मोकळा केला. फुटपाथचे उतार बघाल तेव्हा आठवा.)

४. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर उतरल्यावर दोन मोठ्या बॅगा घेऊन कॅम्पसला कसं यायचं?

तीन रस्ते. सगळ्यात सोपा म्हणजे विमानतळावरून थेट कॅम्पसला येणारी पिओरिया चार्टरची बस, बॅगा खाली ठेवायच्या आणि झोपायचं. दुसरा, ओहेअरहून गावच्या विलर्ड विमानतळावर छोटं विमान. ते भारतातूनच एका तिकिटावर बुक केलं तर बॅगा पुढे जातात, फक्त ओहेअरला कस्टम्समधे त्या एकदा हातात घेऊन परत द्याव्या लागतात, हे विसरू नका. तिसरा, ब्लू लाइन ट्रेनने क्लिंटन स्टॉप, तिथून चालत युनियन स्टेशन आणि मग ॲमट्रॅकची रेल्वे. स्वस्त आहे पण २३ किलोच्या दोन बॅगा जिन्यावरून ओढत नेणं मी कुणालाच सांगणार नाही, ही वाट नंतरच्या फेऱ्यांसाठी ठेवा (प्रश्न १८ बघा).

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर कोर्स सुरू व्हायच्या ३० दिवसांपेक्षा आधी देशात येता येत नाही. आय-२० (विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळालेला कागद) आणि पासपोर्ट हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही!

५. भारतातून काय आणू आणि काय नको?

चादरी आणू नका. इथल्या डॉर्मचे पलंग ट्विन एक्सएल मापाचे, लांबीला ८० इंच, आपल्या सिंगल चादरी पायाकडून सुटतात. मिक्सर, इस्त्री, केटल काहीच आणू नका, इथं वीज १२० व्होल्टची आहे, आपलं २३० वरचं चालत नाही. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र चालतात, फक्त पिन बदलायचं ॲडॉप्टर लागतं. जाड जॅकेट पण इथंच घ्या, तिकडचं जॅकेट इथल्या जानेवारीला पुरत नाही.

आणा काय: लसीकरणाचे कागद (प्रश्न १५), औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, चष्म्याची जास्तीची जोडी, मेतकूट, चटण्या, कोरडं जेवढं मावेल तेवढं. आणि पाण्याचा मग. प्रत्येक जण हा प्रश्न खाजगीत विचारतो म्हणून इथं उघड लिहिते, टॉयलेटमधे फक्त कागद असतो, जेट नसतो. प्लास्टिकची बाटली किंवा छोटा मग घेऊन जायचा, कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही.

६. बाथरूम कॉमन असतात म्हणे, मुलीला अवघड जाईल का?

बऱ्याच हॉलमधे मजल्यावर एक मोठं बाथरूम असतं, पण आत प्रत्येक शॉवर आणि टॉयलेटला वेगळा आडोसा असतो. साबण-शाम्पू ठेवायला जाळीची बास्केट, अंघोळीच्या वेगळ्या चपला आणि एक मोठा गाऊन एवढं असलं की भागतं. सकाळी नऊच्या आधी गर्दी, दुपारी कुणी नसतं. पहिला आठवडा अवघडल्यासारखं होतं, हे खरं आहे.

७. रूममेट अमेरिकन आहे, कसं जमवायचं? भांडण झालं तर रूम बदलून मिळते का?

यावर जरा जास्त लिहिते, कारण पहिल्या वर्षात रडू येण्याचं सगळ्यात मोठं कारण मी हेच पाहिलंय.

आपल्याकडे न बोलता समजून घेणं म्हणजे चांगुलपणा. लाइट चालू असला तर आपण तोंडावर पांघरूण घेतो, पण बोलत नाही. इथं न बोलणं म्हणजे काही अडचण नाही असाच अर्थ होतो. माझी रूममेट रात्री दोनपर्यंत दिवा लावून अभ्यास करायची, मी सहा आठवडे गप्प बसले, आईला फोनवर रडून सांगायचे. शेवटी आमच्या मजल्याच्या आरएने, म्हणजे तिथंच राहणारी सीनियर विद्यार्थिनी असते ती, आम्हाला समोरासमोर बसवलं, आणि तेव्हा मला कळलं की मी रोज पहाटे घरी स्पीकरवर फोन करते त्याने ती उठायची आणि ती पण सहा आठवडे गप्प होती. त्या दिवशी आम्ही दोघींनी रूममेट ॲग्रीमेंट परत लिहिलं, दिवा कधी, फोन कुठे, पाहुणे कधी, फ्रिजमधलं कुणाचं काय, आणि पुढचे सात महिने आमचं छान गेलं. ती अजून माझी मैत्रीण आहे.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो कागद खरोखर बसून भरा. रूम बदलून मिळू शकते पण सहसा पहिले काही आठवडे बदल्या बंद असतात आणि मग जागा असेल तरच. जीवाला धोका, धमकी, अंगचटीला येणं असं काही असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच रात्री आरएला सांगायचं, कोणी ना कोणी ड्युटीवर असतंच.

८. पूर्ण शाकाहारी आहे, मेसमधे उपाशी राहीन का?

उपाशी राहणार नाही, कंटाळाल नक्की. डॉर्मच्या फीमधेच मील प्लॅन येतो, आठवड्याला ठरावीक जेवणं आणि वर डायनिंग डॉलर्स. आठवड्याची जेवणं त्याच आठवड्यात वापरायची, साठत नाहीत, म्हणून मोठा प्लॅन घेण्याआधी आपण खरंच सकाळी नाश्त्याला उठतो का ते बघा. प्रत्येक पदार्थापुढे पाटी असते. तरीही विचारायचं, कारण सूपमधे चिकनचं पाणी असू शकतं, राजम्यासारख्या दिसणाऱ्या रिफ्राइड बीन्समधे कधी डुकराची चरबी असते, जेली आणि मार्शमेलोमधे जिलेटिन असतं. काउंटरवरचे लोक वैतागत नाहीत, आत जाऊन घटक बघून सांगतात. कुठल्याही हॉलचं कार्ड सगळ्या डायनिंग हॉलमधे चालतं, त्यामुळे फिरून बघा.

९. रूममधे कुकर लावता येतो का? निदान वरणभात?

रूममधे शेगडी, हॉट प्लेट, उघड्या कॉइलचं काहीही चालत नाही, सापडलं तर जप्त. राइस कुकर किंवा इन्स्टंट पॉटबद्दल हाउसिंगच्या यादीत बघूनच घ्या, सीनियर चालतं म्हणाला यावर जाऊ नका. मायक्रोवेव्हमधे पोहे, रव्याचा उपमा, खिचडी सगळं होतं, मोठा काचेचा बाउल घ्या. फोडणीच्या धुराने फायर अलार्म वाजतो आणि मग रात्री अख्खी इमारत रस्त्यावर येते, थंडीत, टॉवेलवर सुद्धा. सार्वजनिक किचन असेल तिथंही फोडणी मंद आचेवर.

१०. देवाला उदबत्ती, दिवाळीला पणती?

नाही. मेणबत्ती आणि उदबत्ती दोन्हीला बंदी आहे, न पेटवता नुसती ठेवली तरी. सेलच्या पणत्या आणा. देवाचा फोटो, छोटी मूर्ती, रांगोळीचे स्टिकर याला कुणाचीच हरकत नसते. गणपतीत खूपच घराची आठवण आली तर शिकागोकडे महाराष्ट्र मंडळाचा उत्सव असतो, चारपाच जण मिळून गाडी करून जातात.

११. बसचा पास किती? आणि २२ नंबर पकडली तर उलटीकडेच गेली, काय चुकलं?

पास वेगळा काढायचा नाही. एमटीडीच्या, म्हणजे गावच्या बससेवेच्या, बसचे पैसे सेमिस्टरच्या फीमधेच जातात, आय-कार्ड दाखवलं की गावात कुठेही, कितीही वेळा. आय-कार्ड म्हणजेच हॉलच्या दाराची किल्ली आणि जेवणाचं कार्ड, तेव्हा गळ्यात अडकवा. आयस्टॉप अशी खूण असलेल्या थांब्यांवर तर कार्ड पण दाखवावं लागत नाही.

चूक बहुतेक वेळा दिशेची असते. नंबरच्या पुढे नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असं अक्षर असतं, एकच नंबर दोन्हीकडे धावतो. २२ इलिनाय, १३ सिल्व्हर, १२ टील या डॉर्म आणि कॅम्पसच्या मधल्या, ५ ग्रीन ही पूर्व-पश्चिम. पाटीवरचा नंबर, अक्षर आणि शेवटचा थांबा तिन्ही वाचून चढा. मी पहिल्या रात्री फक्त रंग बघून चढले आणि काळोखात दुसऱ्या टोकाला उतरले, ड्रायव्हरकाकूंनी परतीच्या बसमधे नेऊन बसवलं. ड्रायव्हरला विचारा, ते सांगतात. उतरताना थँक्यू म्हणायची इथं पद्धत आहे, आणि ती सगळे पाळतात.

१२. संध्याकाळी माझी बस ॲपमधे दिसतच नाही, बंद झाली का?

नंबर बदलतो. रात्री आणि वीकेंडला त्याच रंगाची बस मोठ्या नंबरने धावते, ५ ची ५०, २२ ची २२०, १३ ची १३०, आणि मार्ग थोडा वेगळा असतो. विद्यापीठाला सुट्टी असली की फेऱ्या खूप कमी होतात, काही मार्ग बंदच, त्यामुळे डिसेंबरमधे पहाटेची ट्रेन असेल तर आदल्या रात्री वेळापत्रक बघा.

१३. रात्री लायब्ररीतून एकटी येणं सुरक्षित आहे का?

कॅम्पसवर वर्दळ असते, पण एकटं अंधारातून चालायची गरजच नाही. आधी बस बघा. बस नसेल अशा ठिकाणी एमटीडीची सेफराइड्स गाडी बोलवता येते, आय-कार्डवर, वेगळे पैसे नाहीत, पण ठरलेल्या हद्दीत आणि रात्रीच. विद्यापीठ पोलिसांकडून सेफवॉक म्हणून विद्यार्थी सोबत चालत येतात. दोन्ही नंबर पहिल्याच दिवशी फोनमधे घाला. इलिनाय-अलर्टचे, म्हणजे विद्यापीठाकडून धोक्याच्या सूचनेचे, मेसेज आले की घाबरू नका, पण वाचा. आणि हॉलच्या दारातून आपल्या मागून अनोळखी माणूस आत येऊ लागला तर दार धरून ठेवू नका, शिष्टाचार वाटतो पण नियमात बसत नाही.

१४. सायकल घ्यावी का? गाडी?

गाडी नको. पार्किंग महाग आणि गरज नाही. सायकल छान, गाव सपाट आहे, घाट सोडा, चढ सुद्धा नाही. जुनी घ्या, यू-लॉक लावा, विद्यापीठाकडे नोंदणी करा. कॅम्पस बाइक सेंटरला अवजारं असतात आणि पंक्चर काढायला शिकवतात. बर्फात चालवू नका. दोन वर्गांच्या मधे बहुतेक दहाच मिनिटं असतात, तेव्हा टाइमटेबल करताना उत्तरेचा वर्ग आणि दक्षिणेचा वर्ग पाठोपाठ घेऊ नका.

१५. लसीचे कागद नसतील तर काय? आणि ताप आला तर कुठे जायचं?

इलिनॉय राज्याच्या कायद्याने एमएमआरचे दोन डोस, धनुर्वाताचे आणि मेंदूज्वराचे डोस लागतात, आणि भारतातून येणाऱ्यांची टीबीची तपासणी होते. कागद पूर्ण नसले तर पुढच्या सेमिस्टरचं रजिस्ट्रेशन अडकतं. इंग्रजीत, तारखांसकट, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याने घेऊन या, लहानपणचं कार्ड सापडत नसेल तर तिकडेच डोस परत घेणं स्वस्त पडतं.

आजारी पडलं तर विद्यापीठाचं मकिन्ली हेल्थ सेंटर, त्याची फी आधीच भरलेली असते, रात्री नर्सला फोनवर विचारता येतं. खोकला झाला म्हणून कुणी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊ नका, ते बिल वेगळं आणि मोठं असतं. छातीत दुखणं, श्वास अडकणं, शुद्ध हरपणं, तेव्हा मात्र ९११, बिलाचा विचार नंतर.

१६. मंगळवारी सकाळी मोठा भोंगा वाजला, मुलगी घाबरून फोनवर रडत होती!

महिन्याचा पहिला मंगळवार आणि सकाळचे दहा असतील तर ती वादळाच्या भोंग्याची चाचणी. इतर कुठल्याही वेळी वाजला तर खरा समजायचा. टॉर्नेडो वॉच म्हणजे वादळ होऊ शकतं, लक्ष ठेवा. टॉर्नेडो वॉर्निंग म्हणजे आत्ता, लगेच सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून लांब. व्हिडिओ काढायला बाहेर जायचं नाही.

१७. पार्टटाइम काम मिळेल का? ओळखीच्यांचं मोटेल आहे, तिथं रोख देतात.

मोटेलचं अजिबात नाही. एफ-१ वर पहिल्या वर्षी कॅम्पसवरचंच काम, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तास. रोख घेतलं तरी ते बेकायदेशीरच आणि त्यात व्हिसा जातो. डायनिंग हॉल, लायब्ररी, जिम इथं कामं मिळतात, काम मिळाल्यावरच सोशल सिक्युरिटी नंबर काढता येतो, आधी नाही.

असाच एक प्रश्न बारचा. शँपेनमधे १९ व्या वर्षी बारमधे आत जाता येतं, पण दारू २१ लाच, आणि पोलीस तिकीट देतात, म्हणजे दंडाची पावती. गांजा इलिनॉयमधे २०२० पासून २१ वरच्यांना चालतो, पण देशाच्या कायद्याने नाही आणि व्हिसा देशाच्या कायद्यावर चालतो. कॅम्पसवर पण बंदी आहे. २१ झाल्यावर सुद्धा आपण त्यापासून लांब राहायचं. कुठलंही तिकीट मिळालंच तर लपवू नका, स्टुडंट लीगल सर्व्हिसेसकडे, म्हणजे विद्यार्थ्यांना कायद्याची मदत करणाऱ्या ऑफिसकडे, त्याच आठवड्यात जा.

१८. थँक्सगिव्हिंग आणि डिसेंबरमधे डॉर्म बंद होतो का? मग जायचं कुठे?

थँक्सगिव्हिंगला इथं पूर्ण आठवडा सुट्टी असते, जेवणाची ठिकाणं कमी होतात. हिवाळ्याच्या सुट्टीत राहायचं असेल तर कुठला हॉल उघडा आहे आणि आधी नोंदणी लागते का ते हाउसिंगच्या करारात बघा, ऑक्टोबरमधेच बघा, डिसेंबरमधे नाही. शिकागोला जायला इलिनाय, सालुकी आणि सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स या गाड्या आहेत, शँपेनच्या इलिनॉय टर्मिनलहून, अडीचेक तास. सुट्टीची तिकिटं लवकर संपतात. रूळ मालगाड्यांच्या कंपनीचे आहेत त्यामुळे उशीर होतो, विमान पकडायचं असेल तर आधीची गाडी घ्या.

१९. दुसऱ्या वर्षीचं घर कधी शोधायचं? सप्टेंबरमधेच सगळे करार करतायत, मी मागे पडतेय का?

नाही. घरमालक घाई करतात, ओळख होऊन महिना न झालेल्या चौघी मिळून वर्षभराचा करार सही करतात आणि मार्चमधे एकमेकींशी बोलत नसतात. करार कॅम्पसच्या ऑफ-कॅम्पस कम्युनिटी लिव्हिंगकडे दाखवा, ते फुकट वाचून देतात. एक खाचखळगा: करार बहुतेक ऑगस्टच्या मध्यापासून सुरू होतात, डॉर्म मेमधे सुटतो, मधल्या तीन महिन्यांचं सामान कुठे ठेवायचं ते एप्रिलमधे ठरवा.

२०. घरी फोन कधी करावा? वेळ जुळतच नाही.

उन्हाळ्यात आपण साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं, त्या आठवड्यात आईचा फोन तासभर इकडेतिकडे येतो. इथली सकाळची आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, हीच वेळ सगळ्यात बरी. कॉरिडॉरमधे किंवा लाउंजमधे बोला (प्रश्न ७).

२१. आम्ही आईवडील भेटायला आलो तर मुलाच्या रूमवर राहू शकतो का?

एकदोन रात्रींसाठी पाहुणा चालतो, तोही रूममेटने हो म्हटलं तर, पण दोघांनी आठवडाभर राहणं जमणार नाही, हॉटेल बघा. डायनिंग हॉलमधे मुलासोबत पैसे भरून जेवता येतं. बसला आयस्टॉपवरून फुकट, बाकी थांब्यांवरून एक डॉलर, सुटा ठेवा. मे ते ऑक्टोबरमधला शनिवार असेल तर सकाळी अर्बानाच्या शेतकरी बाजारात जा, कोथिंबीर आणि कोवळी वांगी मिळाली तर आणा, फक्त शिजवायची सोय असलेलं हॉटेल घ्या (प्रश्न ९).